जुन्या आउटबोर्ड मशीनला स्पार्क येत नाही? कॉईल बदलण्याआधी या क्रमाने तपासा

किनारपट्टीच्या तालुक्यांत छोट्या होड्या आणि फायबर बोटींवर आजही जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन, म्हणजे आपल्या बोलीतली ओबीएम, मोठ्या संख्येने चालतात. कुणी त्यावर जाळी टाकायला जातं, कुणी खाडीतून प्रवासी नेतं. ही मशीन दणकट असली तरी वय झालं की एक दुखणं हमखास निघतं: दोरी मारून खांदे दुखतात, पण मशीन लागत नाही. किंवा लागतं, अर्धा तास नीट चालतं आणि खोल पाण्यात गेल्यावर गपकन बंद पडतं.

अशा वेळी बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "कॉईल गेली." मग महागडी कॉईल आणली जाते, बसवली जाते आणि मशीन होतं तसंच राहतं. दोष निघतो प्लगच्या टोपीत, नाहीतर बंद करायच्या बटणाच्या वायरीत. याच्या उलटही होतं. कॉईल खरोखर कामातून गेलेली असते, पण मीटरवर ती ठीक दाखवते म्हणून तीच ठेवली जाते आणि पुन्हा समुद्रात दगा देते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फुकटात होणारी तपासणी, मग थोड्या खर्चाची आणि शेवटी कॉईल. हा लेख मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि मशीनजवळ बसून एकेक पायरी करत जा.

तुमचं मशीन कोणत्या प्रकारचं आहे?

जुन्या आउटबोर्डमध्ये स्पार्क तयार करण्याच्या दोन पद्धती सापडतात.

पहिली पॉइंटची. जुन्या स्कूटरला असायचा तसा सीबी पॉइंट आणि कंडेन्सर फ्लायव्हीलखाली असतो. १९७० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक छोट्या मशीनमध्ये हीच पद्धत होती. जॉन्सन आणि एव्हिनरूड या अमेरिकन मशीनमध्ये दोन्ही सिलिंडरच्या कॉईलसुद्धा फ्लायव्हीलच्या खालीच बसवलेल्या असत. त्यामुळे प्लगच्या जाड वायरी थेट फ्लायव्हीलखालून बाहेर येताना दिसतात.

दुसरी सीडीआय. यात पॉइंट नसतो. फ्लायव्हीलखाली चार्ज कॉईल आणि पल्सर कॉईल, बाहेर चार-पाच वायरी आलेली काळी सीलबंद डबी आणि इंजिनाच्या अंगाला बोल्टने लावलेली इग्निशन कॉईल असते. नंतरच्या काळातली यामाहा, सुझुकी यांची टू-स्ट्रोक मशीन बहुतेक याच प्रकारची. जॉन्सन-एव्हिनरूडचं ९.९ हॉर्सपॉवरचं मशीन १९७४ ते १९७६ पॉइंटवर होतं, १९७७ पासून ते बिनपॉइंटचं झालं. म्हणजे एकाच नावाच्या मशीनमध्येही दोन प्रकार असू शकतात. टोपण उघडून आधी नीट बघा, उगाच अंदाज नको.

कॉईल नेमकं काय करते?

कॉईल म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची दोन वेटोळी. आतलं वेटोळं जाड तारेचं, थोड्या फेऱ्यांचं. त्याला प्रायमरी म्हणतात. त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो फेरे असतात, ती सेकंडरी.

पॉइंटच्या मशीनमध्ये फ्लायव्हीलचं चुंबक कॉईलजवळून गेलं की प्रायमरीत करंट वाहतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतो आणि तो करंट एकदम तुटतो. त्या झटक्याने सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. पॉइंट उघडताना त्याच्या टोकांवरच ठिणगी पडून करंट वाया जाऊ नये, म्हणून कंडेन्सर असतो.

सीडीआयमध्ये चार्ज कॉईल वीज तयार करते, डबीतला कपॅसिटर ती साठवतो आणि पल्सर कॉईलने इशारा दिला की तो सगळा साठा एका झटक्यात इग्निशन कॉईलमध्ये सोडतो.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. कॉईलच्या आत हजारो व्होल्ट असतात आणि त्यांना अडवून धरतं ते फक्त तारेवरचं पातळ आवरण आणि बाहेरचा प्लास्टिक किंवा इपॉक्सीचा थर. वर्षानुवर्षांची उष्णता, हादरे आणि खारी हवा यांनी या थराला भेगा पडतात. भेगेत खारट ओल शिरली की वीज प्लगकडे न जाता तिथूनच इंजिनाच्या अंगात उतरते. १९५० च्या दशकातल्या जॉन्सन-एव्हिनरूड कॉईल तर अशा भेगांसाठी मेकॅनिक लोकांत प्रसिद्धच आहेत. त्या काळच्या मशीनच्या कॉईलवर उभी भेग दिसली तर पुढे तपासत बसू नका, ती बदला.

हात लावण्याआधी

- पेट्रोलची पाइप मशीनपासून काढा आणि टाकी दूर ठेवा. स्पार्क तपासताना प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी तिथे पडली तर आग लागते.
- दोरी मारताना प्लगची वायर किंवा टोपी हातात धरू नका. सीडीआयचा झटका जोरदार असतो. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम करूच नये.
- सीडीआय मशीन प्लगची वायर लोंबकळत ठेवून कधीही फिरवू नका. वीज जायला वाट मिळाली नाही तर ती कॉईल किंवा डबी फोडून वाट काढते. वायर नेहमी प्लगला किंवा अर्थला जोडलेली हवी.
- मशीन गिअरमध्ये नाही ना, हे बघा.
- जमिनीवर मशीन चालू करायचं असेल तर खालचा पाय पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा थोड्याच वेळात खराब होतो.

पायरी १ : दोष स्पार्कचा की पेट्रोलचा?

मशीन चालता चालता बंद पडलं की आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला असेल तर टाकीत पोकळी होते, पेट्रोल ओढलं जात नाही आणि पाइपमधला रबरी पंप चपटा होतो. पंप दाबल्यावर मशीन पुन्हा उचल घेत असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूचा आहे, कॉईलचा नाही.

मग प्लग काढून बघा. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोलच पोचत नाही. काळाकुट्ट, तेलकट प्लग दिसला तर तेलाचं प्रमाण किंवा चोक तपासा. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनमध्ये बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचं राहून गेलं, तर पुढच्या वेळी प्लग ओला आणि मशीन थंडगार, असा प्रकार होतो. तिथेही कॉईल निर्दोष असते.

पायरी २ : स्पार्कची खरी परीक्षा

प्लग इंजिनाला टेकवायचा, दोरी मारायची आणि ठिणगी दिसली की "स्पार्क आहे" म्हणायचं, ही आपली नेहमीची पद्धत. पण ती अर्धीच खरी आहे. उघड्या हवेत प्लगच्या बारीक फटीत कमजोर वीजही उडी मारते. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे बाहेर ठिणगी दिसते आणि आत पडतच नाही.

यासाठी साधं साधन घरी करता येतं. कोरड्या लाकडाच्या फळीवर दोन खिळे असे ठोका की त्यांची टोकं समोरासमोर येतील. एका खिळ्याला वायर बांधून ती इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला घट्ट जोडा. दुसऱ्या खिळ्याला प्लगची वायर लावा. टोकांमधलं अंतर पॉइंटच्या मशीनसाठी सुमारे ६ मिलिमीटर, सीडीआयसाठी सुमारे १० ते ११ मिलिमीटर ठेवा. दोन सिलिंडर असतील तर खिळ्यांच्या दोन जोड्या करा. फळी प्लगच्या भोकांपासून लांब, मशीनच्या दुसऱ्या बाजूला ठेवा.

दोन्ही प्लग काढून जोरात दोरी मारा. प्लग काढल्यामुळे मशीन हलकं आणि वेगात फिरतं.

- निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी दोन्हीकडे पडली: कॉईल आणि बाकीची यंत्रणा थंड असताना तरी ठीक आहे.
- पिवळट, बारीक, मधूनच पडणारी ठिणगी: वीज कमजोर आहे किंवा वाटेत गळते आहे.
- एकीकडे आहे, दुसरीकडे नाही: त्याच सिलिंडरचा प्लग-वायर, पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉईल.
- दोन्हीकडे काहीच नाही: दोन कॉईल एकाच वेळी जाणं दुर्मिळ. आधी बंद करायचं बटण आणि सीडीआय असेल तर चार्ज कॉईल, पल्सर कॉईल, डबी यांवर संशय घ्या.

पायरी ३ : टोपी आणि जाड वायर

बऱ्याच मशीनमध्ये प्लगची टोपी वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढा. वायरचं टोक हिरवट-पांढरं, लोणा लागल्यासारखं दिसलं तर साधारण अर्धा सेंटिमीटर कापून टाका आणि टोपी पुन्हा घट्ट बसवा. टोपीच्या आत रेझिस्टर असतो, तोही जुना झाला की तुटतो. टोपी काढून मीटरवर तपासा. अनेक टोप्यांवर ५ हजार ओम असा आकडा लिहिलेला असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर नवीन टोपी घाला. कॉईलच्या मानाने ती खूपच स्वस्त पडते.

वायरीतली गळती शोधायची तर रात्री किंवा अंधाऱ्या खोलीत मशीन ड्रममध्ये चालू करा आणि फवारणीच्या बाटलीने वायर व कॉईलवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. जिथून वीज गळते तिथे निळी ठिणगी नाचताना दिसते आणि मशीन अडखळतं. हे करताना आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल नको आणि हात लांब ठेवा.

पायरी ४ : बंद करायचं बटण

हा दोष सगळ्यात जास्त फसवतो. मोटारसायकल बंद करताना साधारण करंट तोडला जातो. आउटबोर्ड मशीन बंद होतं ते उलट, म्हणजे स्पार्कची वीज अर्थला जोडून. त्यामुळे बटणात खारं पाणी शिरलं किंवा त्याची वायर टोपणाखाली घासून सोलली गेली, तर मशीन कायमच "बंद" अवस्थेत राहतं. लाल दोरीची सुरक्षा क्लिप असेल आणि ती नीट बसली नसेल तरी तेच.

बटणाकडे जाणारी वायर तिच्या जोडापाशी सोडवा आणि फळीवर पुन्हा स्पार्क बघा. आता ठिणगी आली तर दोष बटणात आहे. लक्षात ठेवा, ही वायर सोडलेली असताना चालू झालेलं मशीन बटणाने बंद होणार नाही. चोक पूर्ण ओढून किंवा पेट्रोलची पाइप काढून बंद करावं लागेल. वायर तात्पुरती सोडून घरी येणं समजू शकतं, पण रोज तसं चालवू नका. माणूस पाण्यात पडला तर मशीन थांबवणारी तीच एक वस्तू असते.

पायरी ५ : अदलाबदल

दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये दोन वेगळ्या कॉईल असतील तर मीटरपेक्षाही खात्रीची परीक्षा तुमच्या हातात आहे. दोन्ही कॉईल एकमेकींच्या जागी लावा. आधी वरच्या सिलिंडरला स्पार्क नव्हता आणि आता खालच्याला गेला, तर कॉईलच खराब. दोष वरच्याच सिलिंडरला राहिला, तर कॉईल ठीक आहे आणि पॉइंट, कंडेन्सर किंवा डबी बघायला हवी. वायरींचे मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय काहीही सोडवू नका.

काही मशीनमध्ये एकाच कॉईलमधून दोन प्लगना वायरी जातात. तिथे हा उपाय चालत नाही.

पायरी ६ : मीटर लावताना

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. आधी त्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांना टेकवून किती आकडा येतो तो बघा आणि पुढच्या मापातून वजा करा. प्रायमरीचं माप इतकं लहान असतं की हा फरक महत्त्वाचा ठरतो.

पॉइंटच्या मशीनमध्ये प्रायमरी मोजताना पॉइंटच्या मध्ये जाड कागद घाला. पॉइंट मिटलेला राहिला तर मीटर त्याच्यातून शून्य दाखवतो आणि चांगली कॉईल शॉर्ट वाटते. सेकंडरी मोजताना प्लगची टोपी काढा, नाहीतर टोपीचा रेझिस्टरही मापात धरला जातो.

ढोबळ मानाने काय दिसायला हवं:

- पॉइंटची कॉईल: प्रायमरी १ ओमच्या आसपास, सेकंडरी काही हजार ओम.
- सीडीआयची इग्निशन कॉईल: प्रायमरी १ ओमपेक्षा कमी, सेकंडरी मॉडेलप्रमाणे काही शे ओमपासून काही हजार ओमपर्यंत.
- सीडीआयची चार्ज कॉईल: साधारण काही शे ओम.

नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो त्या मशीनच्या सर्व्हिस पुस्तकातूनच घ्या. पुस्तक नसेल तर दोन सिलिंडरच्या दोन कॉईल एकमेकींशी ताडून बघा. दोघींचं माप जवळजवळ सारखं यायला हवं.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. मीटरने नापास केलेली कॉईल नक्की खराब असते, पण पास केलेली कॉईल चांगलीच असेल असं नाही. मीटर आतल्या छोट्या बॅटरीच्या एक-दोन व्होल्टवर मोजतो. भेगेतून होणारी गळती हजारो व्होल्टवरच सुरू होते, ती त्याला दिसतच नाही. म्हणून शेवटचा निकाल फळीवरच्या ठिणगीचा.

गरम झाल्यावर दगा देणारी कॉईल

सगळ्यात धोकादायक प्रकार हाच. सकाळी एका दोरीत मशीन लागतं. किनाऱ्यावर मेकॅनिकला दाखवलं तर सगळं ठीक. वीस-तीस मिनिटं जोरात चाललं की बंद. थोड्या वेळाने थंड झालं की पुन्हा लागतं, मग पुन्हा बंद. कॉईल तापली की आतली तार पसरते, तुटलेलं टोक सुटतं किंवा आवरणातून गळती सुरू होते. थंड झाली की सगळं जागेवर येतं. कंडेन्सर किंवा सीडीआयची डबीही असंच वागू शकते.

याची परीक्षा एकच: बंद पडल्या क्षणी, मशीन गरम असतानाच, फळीवर स्पार्क बघायचा. त्यासाठी किनाऱ्यालगत, माणसं हाकेच्या अंतरावर असतील अशा जागी मशीन चालवून बंद पडेपर्यंत थांबा. स्पार्क नसेल तर दोष विजेचा. स्पार्क चांगला असेल तर पेट्रोल किंवा थंड पाण्याचा प्रवाह तपासा. मशीनच्या मागून पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली असेल, तर मशीनच जास्त तापतंय.

घरी करायचं तर कॉईल काढून केस वाळवायच्या यंत्राने गरम करा आणि गरम असतानाच मीटर लावा. थंड असताना दिसणारा आकडा गरम झाल्यावर एकदम गायब झाला, तर तार आत तुटलेली आहे. गॅसच्या शेगडीवर किंवा स्टोव्हवर तापवू नका, चांगली कॉईलही त्याने वितळेल.

फ्लायव्हील काढायचं असेल तर

पॉइंटच्या मशीनमध्ये कॉईलपर्यंत पोचायला फ्लायव्हील काढावं लागतं. त्यासाठी तीन बोल्टचा पुलर वापरा. बोल्ट फ्लायव्हीलच्या मधल्या आट्यांच्या भोकांत बसतात. कडेला पकडून ओढू नका, फ्लायव्हील वाकतं. शाफ्टच्या टोकावर थेट हातोडा मारला तर आटे आणि आतले बेअरिंग दोन्ही जातात.

फ्लायव्हील निघालं की या गोष्टी बघा:

१. शाफ्टमधली छोटी चावी. ती अर्धवट कापली गेली असेल तर स्पार्क चांगला असूनही चुकीच्या वेळी पडतो, मशीन उलटा झटका देतं.

२. पॉइंटची टोकं. खड्डे पडले असतील तर बदला, नुसता काळेपणा असेल तर बारीक कानशीने साफ करा. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तोही स्वच्छ कागदाने पुसून काढा. नाहीतर नवीन सामान घालूनही स्पार्क येत नाही.

३. पॉइंटची फट. जॉन्सन-एव्हिनरूडच्या बहुतेक छोट्या मशीनमध्ये ती ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असते. फीलर गेजनेच मोजा.

४. कंडेन्सर. त्याच मशीनमध्ये ०.१८ ते ०.२२ मायक्रोफॅरड. कपॅसिटर मोजणाऱ्या मीटरवर सहज बघता येतं. पॉइंट सतत जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या.

५. कॉईलची बसण्याची जागा. जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये कॉईलच्या लोखंडी पट्ट्यांची टोकं खालच्या प्लेटवरच्या घडीव कडेशी बरोबर जुळायला हवीत. बाहेर आली तर चुंबकाला घासतात, आत गेली तर स्पार्क कमजोर होतो. कॉईलच्या अर्थ वायरीखालचा गंज खरवडून काढा.

परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक कोरडं, स्वच्छ हवं. तिथे ग्रीस लावू नका. नट पुस्तकात दिलेल्या जोरानेच आवळा. सैल राहिला तर चावी कापली जाते.

सीडीआय असेल तर डबी शेवटी

सीडीआयच्या डबीच्या आतले भाग साध्या मीटरने खात्रीने तपासता येत नाहीत. म्हणून बटण, अर्थ, जोड, चार्ज कॉईल, पल्सर कॉईल आणि इग्निशन कॉईल हे सगळं ठीक निघालं तरच डबीवर यायचं. शक्य असेल तर तशाच चालू मशीनची डबी थोडा वेळ लावून बघा. अर्थच्या वायरी गंजलेल्या असताना बदललेली नवी डबीही लवकर जाऊ शकते.

नवीन कॉईल घेताना

- मशीनच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि जुन्या कॉईलवरचा पार्ट नंबर, दोन्हींचे फोटो दुकानदाराला पाठवा. फक्त हॉर्सपॉवर सांगून कॉईल मागवू नका.
- पॉइंटच्या मशीनची कॉईल आणि सीडीआयची कॉईल वेगळ्या कामासाठी बनवलेली असते. मोटारसायकलची कॉईल बसली म्हणजे चालली असं नाही. चालली तरी भर समुद्रात किती टिकेल याची हमी नसते.
- जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० साली दिवाळखोरीत गेली आणि नंतरच्या मालकांनीही एव्हिनरूड मशीनचं उत्पादन २०२० मध्ये थांबवलं. त्यामुळे त्यांचं सामान बहुतांशी इतर कंपन्यांनी बनवलेलं मिळतं. घेताना आवरण गुळगुळीत, भेगविरहित आहे ना आणि वायर नरम आहे ना, एवढं हातात घेऊन बघा.
- वापरलेली कॉईल घेत असाल तर गरम करून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.
- दोन कॉईलपैकी एक वयामुळे भेगाळून गेली असेल तर दुसरीही त्याच वयाची आहे. जमलं तर जोडीने बदला.

समुद्रात बंद पडलं तर

आधी नांगर टाका. मशीनशी झटापट करताना होडी वाहून कुठे जाते याचं भान राहत नाही. टाकीचा हवेचा स्क्रू, सुरक्षा क्लिप, प्लगच्या टोप्या हे एका मिनिटात बघा. प्लग बदलून बघा. तरीही नाही आणि मशीन गरम असेल तर वरचं टोपण काढा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. त्यानंतर लागलं तर मासळीचा विचार न करता मध्यम वेगाने थेट घरचा रस्ता धरा. जे मशीन एकदा गरम होऊन बंद पडलं, ते पुन्हा पडणारच.

सोबत असायलाच हव्यात अशा वस्तू: दोन नवे प्लग, प्लग पाना, जादा दोरी, वल्ही, नांगर, पिण्याचं पाणी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार्ज केलेला मोबाईल. मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ आहे. निघताना कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून जा.

पावसाळ्यात ठेवून देताना

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बरीच मशीन पडवीत किंवा खोपीत उभी असतात. कॉईलचं सगळ्यात जास्त नुकसान चालताना नव्हे, तर या दिवसांत ओलसर हवेत होतं. ठेवण्याआधी मशीन ड्रममधल्या गोड्या पाण्यात चालवून घ्या. टोपणाखालचा भाग गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळवा. वायरींचे जोड सोडवून साफ करा आणि थोडं सिलिकॉन ग्रीस लावून परत जोडा. मशीन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत दमटपणा साठतो. सुती कापड किंवा गोणपाट टाकून हवेशीर जागी उभं ठेवा.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर निदान आठवडाभर आधी फळीवर स्पार्क बघा आणि मशीन ड्रममध्ये अर्धा तास सलग चालवा. गरम झाल्यावर बंद पडणारी कॉईल तेव्हाच सापडेल, आणि तीही जमिनीवर.